प्रवास, निवास, उपवास
(कै. काकासाहेब दीक्षित यांचे स्मरण)



ज्येष्ठ वद्य एकादशी जवळ आली की वारकऱ्याचे मन घरात ठरत नाही. देहूहून तुकोबारायांची आणि आळंदीहून माउलींची पालखी हललेली असते. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर जिल्ह्यातून पंढरीची वाट चालू लागते. गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला पाण्याचे माठ मांडतात, भाकरी थापून ठेवतात, आणि ज्याला पूर्वी कधी पाहिले नाही अशा माणसाला ‘या माउली’ म्हणून ओसरीवर घेतात. तो कुठला, कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. गळ्यात माळ आणि पायांत पंढरीची वाट, एवढी ओळख पुरते.

ह्याच एकादशीला एका परगावच्या गृहस्थाची पुण्यतिथी येते. हरि सीताराम दीक्षित हे त्यांचे नाव. शिर्डीत त्यांना काकासाहेब म्हणत, आणि साईबाबा त्यांना नुसते ‘काका’ म्हणून हाक मारीत. ते जन्माने शिर्डीचे नव्हते, नगर जिल्ह्याचेही नव्हते. बायकामुलांत राहिलेला, वकिलीवर पोट भरणारा हा मनुष्य. पण शिर्डीत त्यांच्या नावाचा वाडा उभा राहिला आणि गावाने त्यांना आपले म्हटले. ह्या महिन्याच्या निरूपणासाठी आम्ही त्यांचेच चरित्र घेतले आहे.

आम्ही लहानपणी पाठशाळेत धातू घोकले. त्यांत ‘वस्’ नावाचा एक धातू आहे, त्याचा अर्थ राहणे. धातू एकच, पण त्याच्या आधी उपसर्ग बसला की अर्थ पालटतो. ‘प्र’ बसला की प्रवास होतो, म्हणजे घर सोडून दूर राहणे. ‘नि’ बसला की निवास होतो, म्हणजे एके ठिकाणी घर करून राहणे. आणि ‘उप’ बसला की उपवास होतो, म्हणजे जवळ राहणे. कोणाच्या जवळ? देवाच्या. आपण उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ एवढेच समजतो. पोट हलके ठेवणे हे उपवासाचे बाहेरचे अंग झाले. त्याचा जीव आहे तो जवळ राहण्यात.

मनुष्याचे सारे आयुष्य ह्या तीन शब्दांत सामावते. प्रवास सगळ्यांच्याच वाट्याला येतो. निवास पुष्कळांना मिळतो. उपवास थोड्यांना साधतो. काकासाहेबांना तिन्ही साधले, आणि तेही संसार न सोडता. परगावचा माणूस गावाचा कसा होतो, आणि प्रपंची माणूस देवाचा कसा होतो, हे दोन प्रश्न वेगळे दिसतात. त्यांचे उत्तर एकच आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते उत्तर ह्या चरित्रातून काढायचे.

आता एखादा फडकरी विचारील, ‘बुवा, आपले मासिक वारकऱ्यांचे. त्यात शिर्डी कुठून आली? आणि मुंबईचा सॉलिसिटर कुठून आला?’ प्रश्न योग्य आहे. कोणाचे दैवत मोठे ह्या वादात आम्हांस शिरायचे नाही. ज्या गृहस्थाची नित्याची पोथी नाथांची होती, एकनाथी भागवत आणि भावार्थ रामायण ह्या दोन ग्रंथांवाचून ज्याचा दिवस जात नव्हता, तो आपल्या अंगणातलाच आहे. आणि परगावचा म्हणून त्याला दूर ठेवायचे तर आपल्या संप्रदायात उरेल कोण? साक्षात पांडुरंगच परगावचा. द्वारका सोडून तो दिंडीरवनात आला, आणि पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर उभा राहिला तो राहिलाच. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, उठून सामोरासुद्धा आला नाही. त्याने पाहुण्यासाठी एका विटेएवढी जागा केली. तेवढ्या जागेवर देव अठ्ठावीस युगे नांदतो आहे! विठ्ठलपंत आपेगावचे, त्यांचा संसार आळंदीत झाला. जनाबाई गंगाखेडची, ती पंढरीत नामदेवरायांच्या घरची झाली. नामदेवराय पंढरीचे, ते पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि तिथल्या लोकांचे झाले. माउलींनी गीतेवरील टीका सांगितली ती आळंदीत नव्हे, नेवाशास, शके १२१२ मध्ये, म्हणजे ह्याच जिल्ह्यात. पाहुण्या मुलाच्या मुखातून ज्ञानेश्वरी निघाली आणि नेवाशाचा खांब तिचा साक्षी झाला. आपला संप्रदाय चालत्या माणसांचा आहे. त्यात ‘परका’ ह्या शब्दाला जागाच नाही.

असो. आता चरित्राकडे वळू.

दीक्षितांचे घराणे वडनगरा नागर ब्राह्मणांचे, मूळ गुजरातेकडचे. त्यांचा जन्म इ.स. १८६४ साली खांडव्यास झाला. प्राथमिक शिक्षण खांडवा आणि हिंगणघाट येथे, पुढचे नागपुरास. तेथून ते मुंबईला आले, विल्सन आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिकले आणि १८८३ मध्ये पदवीधर झाले. मग कायद्याची व सॉलिसिटरची परीक्षा देऊन लिटल आणि कंपनी ह्या सरकारी सॉलिसिटरांच्या पेढीत काम केले आणि पुढे स्वतःची पेढी काढली. पाहा, वयाच्या विशीपर्यंत किती गावांचे पाणी प्यायला हा जीव! आज आपली मुले पुण्या-मुंबईस, कोणी परमुलुखात जातात. घरची म्हातारी म्हणते, ‘पोरगं पाखरासारखं उडालं.’ काकासाहेबांच्या आईबापांनाही तसे वाटले असेलच. पण पाखरू उडाले म्हणून बिघडत नाही. ते कोणत्या झाडावर बसते, ते पाहावे.

पुढे ते विलायतेस गेले असता लंडन शहरात आगगाडीत चढताना त्यांचा पाय घसरला. इजा जबर झाली. उपाय पुष्कळ झाले, पण पाय अधू राहिला. मुंबईत मान होता, पैसा होता, घरदार होते, आणि चालताना एक पाय ओढावा लागे. १९०९ साली लोणावळ्यास त्यांची व जुने स्नेही नानासाहेब चांदोरकर ह्यांची गाठ पडली. बोलता बोलता पायाची गोष्ट निघाली तेव्हा नानासाहेबांनी शिर्डीच्या साईबाबांचे नाव सांगितले. ते ऐकून काकासाहेब जे म्हणाले त्यासाठीच त्यांचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटते. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा की पायाचे लंगडेपण राहिले तरी चालेल, मनाचे लंगडेपण जावे, एवढेच मागणे आहे.

सज्जनहो, इथे थोडे थांबू. आपण देवळात जातो तेव्हा काय मागतो? गुडघा दुखतो, पोराला नोकरी नाही, विहिरीला पाणी नाही. मागावे, देव आईच आहे, आईपाशी मागायला लाज कसली? पण मागणाऱ्याने एकदा स्वतःला विचारावे, की आपले खरे लंगडे काय आहे? पाय लंगडा असला तर काठी घेता येते. मन लंगडे असले तर ते चार पावले देवाकडे टाकते आणि पाचव्या पावलाला प्रपंचाच्या खड्ड्यात बसते. उठते, पुन्हा बसते. ह्याला काठी कोणती? ज्याला आपले खरे व्यंग कळले, त्याचा प्रवास वारीत जमा झाला असे समजावे.

त्यानंतर मुंबई कायदे कौन्सिलच्या निवडणुकीच्या कामानिमित्त ते नगरास सरदार मिरीकरांच्या घरी उतरले. काम आटोपले. मनात शिर्डी होती, पण नेणारा कोणी नव्हता. त्याच वेळी सासूच्या आजारपणामुळे शिर्डीचे माधवराव देशपांडे नगरास आलेले होते. ह्यांनाच बाबा शामा म्हणत. दोघांची गाठ पडली. बाबांची एक तसबीर काच फुटल्यामुळे दुरुस्तीसाठी मिरीकरांकडे आलेली होती, तीही शिर्डीस परत न्यायची होती. तसबीर आणि सोबती घेऊन काकासाहेब रात्रीच्या गाडीला आले तर गाडीत पाऊल ठेवायला जागा नाही. तेवढ्यात गाडीचा गार्ड ओळखीचा निघाला आणि त्याने पहिल्या वर्गात बसवून दिले. कोपरगावास उतरतात तो नानासाहेब चांदोरकरही शिर्डीसच निघालेले भेटले! सगळ्यांनी गोदावरीत स्नान केले आणि ते शिर्डीस पोहोचले. दिवस होता २ नोव्हेंबर १९०९. बाबा म्हणाले की मीही तुझी वाट पाहत होतो, आणि शामाला नगरास मीच तुझ्याकडे पाठविले.

माणसाला वाटते, आपण निघालो आणि आपण पोहोचलो. खरे म्हणजे कोणीतरी वाट पाहत असतो म्हणूनच आपले पाऊल निघते. वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

इथपर्यंत प्रवास झाला. आता निवास.

शिर्डी त्या वेळी लहान खेडे. येणाऱ्या लोकांना उतरायला जागा नव्हती. आधी साठेवाडा झाला होता, पण लोक वाढू लागले होते. काकासाहेबांनी वाडा बांधायचे ठरविले आणि १० डिसेंबर १९१० रोजी पाया घातला. १९११ च्या रामनवमीस तो राहता झाला. मुंबईच्या मोठ्या माणसाने तीर्थाच्या गावी घर बांधावे ह्यात नवल नाही. असे बंगले पुष्कळ होतात, वर्षातून चार दिवस उघडतात, बाकीचे दिवस कुलपाला गंज चढतो. दीक्षितवाड्याचे तसे झाले नाही. तिथे यात्रेकरू उतरले, आजारी उतरले, पोथ्या चालल्या, रात्ररात्र नामाच्या गोष्टी झाल्या. मालक त्या घरात पाहुण्यासारखा राहिला, आणि पाहुणे मालकासारखे राहिले!

व्याकरणात ‘अतिथि’ शब्दाची फोड करतात, ज्याला येण्याची तिथी नाही तो अतिथी. आमंत्रण दिलेला माणूस हा पाहुणा खरा, पण अतिथी नव्हे. न सांगता दारात उभा राहतो तो अतिथी. आणि ‘गृहस्थ’ म्हणजे घरात राहतो तो. नुसता राहतो तो गृहस्थ म्हटला, तर घरात उंदीरही राहतो! ज्याच्या घरात अतिथीला जागा आहे, तोच गृहस्थ. घर आपल्या कमाईने बांधता येते. त्याचे निवासस्थान मात्र दुसऱ्याला जागा दिल्याने होते.

काकासाहेबांच्या हाताची गोष्टही अशीच सांगतात. एकदा वकिलीच्या कामात मोठी प्राप्ती झाली. पेटीभर रुपये घेऊन ते शिर्डीस आले आणि पेटी बाबांपुढे ठेवून म्हणाले की हे सारे आपलेच आहे. बाबांनी झाकण उघडले आणि दोन्ही हातांनी रुपये भोवतालच्या लोकांना वाटून टाकले. घटका गेली नाही तोच पेटी रिकामी! तिथे असलेले एक न्यायाधीश काकासाहेबांच्या तोंडाकडे पाहत होते, की आता हा चुळबुळेल, निदान कपाळाला आठी तरी घालील. काही नाही. चेहरा होता तसा राहिला. ‘आपलेच आहे’ हे शब्द आपणही आरतीत रोज म्हणतो. म्हणणे सोपे आहे. देवाने खरोखर पेटीत हात घातला म्हणजे मग कळते.

पण म्हणून ह्या गृहस्थाला घरचे दुःख चुकले काय? नाही चुकले. शिर्डीचा मुक्काम लांबत गेला, एकदा तर त्यांनी वाड्यात सलग नऊ महिने काढले, आणि वकिली मागे पडली. मिळकत घटली म्हणजे घरात काय होते हे प्रपंची माणसाला सांगावे लागत नाही. काळजी मनात येईच. त्यावर बाबांचे त्यांना सांगणे असे, की तुझी सारी काळजी माझ्याकडे आहे. आणि तरीही, लहान मुलगी शिर्डीतच आजारी पडून गेली. आठ वर्षांचे पोर! तेव्हाची गोष्ट चरित्रकार अशी सांगतात की भावार्थ रामायण उघडले गेले, आणि वाली पडल्यावर श्रीराम तारेचे सांत्वन करतात तो प्रसंग काकासाहेबांपुढे आला.

ह्या प्रसंगाचा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला आहे. तारेचे सांत्वन कोण करतो आहे? ज्याच्या बाणाने वाली पडला, तोच! नेणारा हात आणि डोळे पुसणारा हात एकच आहे, हे रामायण लपवीत नाही. कीर्तनात बसलेली माउली, जिचा पोरगा तरणाताठा गेला, ती आम्हांला विचारते, ‘बुवा, देवानं माझंच का नेलं?’ ह्याला शास्त्राचे उत्तर देऊन भागत नाही. आम्ही देतही नाही. एवढेच सांगतो की बाई, ज्याच्यावर रागावायचे त्याच्याच पायाशी बसून रागाव, उठून जाऊ नको. काकासाहेबांनी तेच केले. मुलगी जिथे गेली त्या गावाकडे त्यांनी पाठ फिरविली नाही, आणि ज्या पोथीत तो प्रसंग आहे ती पोथी जन्मभर सोडली नाही. दुःखातही ज्या ठिकाणाहून माणूस उठत नाही, तो त्याचा खरा निवास.

आता निवासाचीच एक आजची गोष्ट. गोदा-प्रवरेच्या ह्या पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटेपासून फडात. ह्या भागातील एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. मंडपाच्या कडेला, उजेड संपतो तिथे, टोळीतली चार माणसे पोरे कडेवर घेऊन उभी होती. आत यायला संकोचत होती. गावचा एक म्हातारा विणेकरी उठला, आपल्या बसकराची घडी उलगडून लांब केली आणि म्हणाला, ‘बसा की हो. उभ्यानं ऐकायला ही काय तमाशाची पंगत आहे?’ लोक हसले, सरकले, जागा झाली. दुसऱ्या दिवशी काल्याला त्यांच्यातला एक जण मृदंगाच्या साथीला टाळ धरून उभा राहिला. असा खणखणीत हात, की आमचे टाळकरी पाहतच राहिले! तो आपल्या गावी भजनी मंडळातला होता. सरकायला कोणी तयार झाले नसते तर तो टाळ आम्ही ऐकलाच नसता. आज शिर्डीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे पोटासाठी येतात, हॉटेलात भांडी घासतात, हार गुंफतात, गाड्या हाकतात. दर्शनाला आलेला तो ‘भक्त’, आणि पोटासाठी आलेला तो ‘बाहेरचा’, हा हिशेब कोणत्या पोथीत लिहिला आहे? देवाच्या दारी दोघेही भुकेलेच आलेले असतात.

आता तिसरा शब्द, उपवास. जवळ राहणे.

बाबांच्या सांगण्यावरून काकासाहेब रोज एकनाथी भागवत आणि भावार्थ रामायण वाचीत. शिर्डीत असोत, मुंबईत असोत, पाठ चुकला नाही. १९१८ साली दसऱ्याच्या दिवशी बाबांनी देह ठेवला, त्यानंतरही चुकला नाही. घराणे गुजरातेकडचे, शिक्षण इंग्रजी, धंदा कायद्याचा, आणि नित्याची सोबत पैठणच्या नाथांच्या मराठीची! आणि हे नाथ कोण? तेही गृहस्थच. गिरिजाबाईंशी संसार केला, मुलेबाळे वाढविली, दारी आलेल्याला विन्मुख पाठविले नाही. भागवताची टीका पैठणला आरंभिली ती शके १४९५ मध्ये काशीस पुरी झाली. म्हणजे तो ग्रंथही प्रवासातच पुरा झाला. भावार्थ रामायण तर नाथांच्या हातून पुरे झाले नाही, ते शिष्य गावबाने पुरे केले. प्रपंची माणसाचे काम असे अर्धे राहते. राहू द्यावे. आपण लिहीत असावे, पुरे करणारा तो पाठवितो.

एकदा मुंबईस चौपाटीवर काका महाजनींच्या घरी काकासाहेब भागवत वाचीत होते. ऐकायला माधवराव देशपांडे आणि काका महाजनी. एकादश स्कंधाचा दुसरा अध्याय चालला होता. ऋषभदेवांचे नऊ पुत्र, ते नऊ योगेश्वर, जनकराजाला भागवतधर्म सांगतात तो हा भाग. वाचता वाचता काकासाहेबांचे मन खचले. ते बोलून गेले की ही भक्ती केवढी कठीण! कुठे ते नऊ नाथ आणि कुठे आपण! अनेक जन्म घेतले तरी आपल्याच्याने हे होणार नाही.

मायबाप वाचकहो, हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. माळ घातलेला प्रत्येक प्रपंची माणूस कधी ना कधी हेच म्हणतो. सकाळी उठून गोठा, दुपारी शेत, संध्याकाळी सोसायटीचा हप्ता आणि लेकीचे लग्न. ह्यात भागवतधर्म बसवायचा कुठे?

माधवरावांना ते बोलणे रुचले नाही. माधवराव कोण? गावच्या शाळेत शिकविलेला साधा माणूस. समोर मुंबईचा नामांकित सॉलिसिटर. पण त्यांनी भीड धरली नाही. त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य असे की ज्याला दैवाने असा गुरू मिळाला त्याने रडावे हे बरे नव्हे, नाथांची भक्ती मोठी असेल, पण आपली प्रेमाची नाही काय? आणि नामस्मरणाने माणूस तरतो हे आपल्याला सांगितलेले नाही काय? मग भय कसले? काकासाहेबांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. ते दिवसभर अस्वस्थ राहिले. दुसऱ्या दिवशी एक भक्त आपले स्वप्न सांगायला आला, त्या स्वप्नात माधवरावांचाच मान राखलेला होता, आणि मग त्यांचे मन निवळले.

त्या अध्यायाविषयी दोन शब्द आम्हांसही सांगायचे आहेत. पहिला असा. नऊ योगेश्वर ज्याला सांगतात तो जनक राजा आहे, राज्य करणारा, संसारी. आणि ही कथा नारद ज्याला ऐकवितात तो वसुदेव, श्रीकृष्णाचा बाप, आपल्या घरात बसलेला गृहस्थ. म्हणजे भागवतधर्माचे हे दोन्ही श्रोते घरदार असलेले! जो धर्म गृहस्थालाच सांगितला, तो गृहस्थाला झेपणार नाही असे कसे होईल? औषध ज्याच्या नावाने वाटले, त्यानेच ‘मला सोसणार नाही’ म्हणावे?

दुसरा शब्द ह्याहून गोड आहे. त्याच अध्यायात कवी नावाचा योगेश्वर राजाला सांगतो की ह्या वाटेने डोळे मिटून धावणारासुद्धा ठेचाळत नाही आणि पडत नाही. आता पाहा, हे वाचणारा कोण होता? ज्याचा पाय लंडनात उघड्या डोळ्यांनी घसरला, तो! पहिल्या वर्गाच्या लोकांची ती वाट, तिथे पाय घसरला. आणि ज्या वाटेला डोळस शहाणपण लागत नाही, काया-वाचा-मने जे घडेल ते नारायणाला अर्पण करीत चालायचे एवढेच लागते, त्या वाटेवर लंगडाही पडत नाही. काकासाहेबांनी मनाचे लंगडेपण जावे असे मागितले होते. ते अशा रीतीने गेले. एके दिवशी चमत्कार होऊन गेले नाही. रोजच्या पाठाने, पानापानाने गेले. जवळ राहण्याचा अर्थ हाच.

बाबांच्या पश्चात शिर्डीची व्यवस्था लावणे सोपे नव्हते. काकासाहेबांनी आपले कायद्याचे ज्ञान त्या कामी लावले. १९२२ मध्ये जिल्हा न्यायालयाच्या योजनेने संस्थानची घडी बसली, त्याचे मानद चिटणीस ते होते. १९२३ मध्ये ‘साईलीला’ मासिक सुरू झाले, त्यात त्यांनी भक्तांचे अनुभव मांडले. गोविंदराव दाभोलकर, ज्यांनी पुढे ‘श्रीसाईसच्चरित’ लिहिले, त्यांना शिर्डीची वाट धरायला लावणाऱ्यांतही काकासाहेब होतेच. वकिली त्यांनी टाकून दिली नाही, देवाच्या कामाला जुंपली. बैल तोच, फक्त नांगर दुसऱ्याच्या शेतात चालला.

आणि शेवट पाहा. १९२६ सालच्या जुलैत मुलगा मुंबईत रुग्णालयात होता. ५ जुलैला, ज्येष्ठ वद्य एकादशीस, काकासाहेब त्याच्या भेटीसाठी निघाले होते असे सांगतात. बरोबर दाभोलकर होते. आगगाडीत बसले, बाबांच्या दयेच्या गोष्टी चालल्या, आणि बोलता बोलता त्यांनी सोबत्याच्या खांद्यावर मान टाकली. दुखणे नाही, कण्हणे नाही, दिवा मालवावा तसे झाले. आपल्या काकाला आपण विमानातून नेऊ असे बाबांनी म्हटले होते, ते असे खरे झाले म्हणून भक्तांना गहिवर येतो.

आम्हांस ह्यात तिन्ही शब्द एका ठिकाणी आलेले दिसतात. देह आगगाडीत होता, तो प्रवास. जीव लेकराच्या ओढीने निघालेला, तो गृहस्थाचा निवास. मुखी गुरूची दया आणि तिथी एकादशी, तो उपवास. आजारी मुलाला भेटायला निघालेला बाप वाटेत गेला. त्याने संसार सोडला नव्हता, आणि देवानेही त्याला सोडले नाही.

तेव्हा आरंभी दोन प्रश्न ठेवले होते, त्यांचे उत्तर आता द्यावे. परगावचा माणूस गावाचा होतो, तो दुसऱ्यासाठी जागा केल्याने. प्रपंची माणूस देवाचा होतो, तोही जागा केल्यानेच. पुंडलिकाने विटेएवढी केली, काकासाहेबांनी वाड्याएवढी केली. आपल्याला सतरंजीच्या घडीएवढी करता आली तरी पुष्कळ आहे. दिवसाच्या आठ प्रहरांत एका पानाची जागा पोथीला द्यावी. घरात एका माणसाची जागा न सांगता येणाऱ्याला द्यावी. आणि पंगतीत, मंडपात, दिंडीत, कडेला उभा असेल त्याला ‘तू कुठला?’ असे विचारण्याआधी ‘बस’ म्हणावे. एवढा नेम ह्या एकादशीपासून ज्याने धरला, त्याने काकासाहेबांची पुण्यतिथी केली असे आम्ही समजू.

शेवटी आपण सारेच इथे परगावचे आहोत. मुक्काम चार दिवसांचा, तळ उठायचा आहे. उठेपर्यंत शेजारच्याला राहुटीत घ्यावे आणि देवाच्या जवळ राहावे. पांडुरंग सर्वांकडून ही सेवा करून घेवो, हेच त्याच्या चरणी मागणे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.